मोडेम आपला, तार केबलवाल्याची

गावात पूर्वी केबलवाला टीव्हीची तार ओढायला यायचा. आता बऱ्याच ठिकाणी तोच इंटरनेटही देतो. तार घरात आली की भिंतीवर एक लहानसा डबा लागतो. कोणी त्याला मोडेम म्हणतं, कोणी राऊटर, कोणी नुसतंच 'वायफाय'. हा डबा कोणाच्या मालकीचा, हे जोडणी घेताना फारसं कोणी विचारत नाही. जोडणी बंद करायची वेळ आली, की मग अनामत आणि भाड्यावरून तंटा होतो.

हिशोब साधा आहे. महिन्याला १०० रुपये भाडं धरलं, तर वर्षाचे १२०० आणि तीन वर्षांचे ३६०० रुपये होतात. एवढे भरूनही डबा आपला होत नाही. मग स्वतःचा डबा घ्यावा का? जरूर घ्यावा, पण बाजारात जाण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात.

तार कोणती, ते आधी पाहा

घरात येणारी तार तीन प्रकारची असू शकते. टीव्हीची जाड गोल तार असेल तर डॉक्सिस जातीचा केबल मोडेम लागतो. केसासारखी बारीक काच आत असलेली फायबर असेल तर ओएनयू किंवा ओएनटी नावाचा डबा लागतो. खांबावरच्या पेटीतून आठ तारांची लॅन केबल थेट घरात आली असेल तर मोडेम लागतच नाही, साधा राऊटर पुरतो.

फायबरमध्येही जीपॉन आणि ईपॉन असे दोन प्रकार आहेत. थ्री-फेजची मोटर सिंगल-फेजवर चालत नाही, तसाच जीपॉनचा डबा ईपॉनच्या लाईनवर चालत नाही. 'एक्सपॉन' लिहिलेले डबे दोन्हींवर चालतात म्हणून विकले जातात. तरी आपल्या लाईनवर चालेल का, हे केबलवाल्याला विचारूनच पैसे मोजावेत.

नोंद झाल्याशिवाय चालत नाही

दुकानातून डबा आणून तार खोचली आणि इंटरनेट सुरू झालं, असं सहसा होत नाही. रेशनकार्डावर नाव नसेल तर धान्य मिळत नाही, तसंच इथे आहे. डब्यामागे छापलेला सीरियल किंवा मॅक क्रमांक केबलवाल्याच्या यंत्रात नोंदवावा लागतो. शिवाय युजरनेम, पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅन क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. त्याच डब्यावर लँडलाईन फोन चालत असेल, तर डबा बदलल्यावर तो चालू राहील का, हेही विचारून ठेवावं.

मधला मार्ग

केबलवाला परका डबा नोंदवायला तयार नसेल तर भांडत बसू नये. फायबरचा डबा त्याचाच ठेवावा, तो 'ब्रिज' करून मागावा आणि पुढे आपला राऊटर जोडावा. उद्या केबलवाला बदलला तरी राऊटर आपल्याकडेच राहतो.

दोष डब्याचा की लाईनचा?

इंटरनेट वारंवार तुटतं म्हणून नवा डबा घेण्याची घाई करू नये. जीपॉनच्या नेहमीच्या डब्याला प्रकाश उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान लागतो. लाईनमनकडे तो मोजायचं मीटर असतं. आपल्यासमोर मोजायला सांगा. आकडा उणे २७ च्याही खाली गेला असेल तर दोष बहुधा दुमडलेल्या तारेचा किंवा मळलेल्या सांध्याचा असतो. तिथे नवा डबा काय करणार? फायबरच्या टोकात डोळा लावून मात्र कधीही पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

हक्काचं काय?

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा डबा वापरण्याचा कायदेशीर हक्क आहे. ग्राहक स्वतःचा डबा वापरत असताना त्याच्याकडून डब्याचं भाडं घेऊ नये, असा कायदा अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये झाला. आपल्याकडे बरंचसं आपसांतल्या ठरावावर चालतं. म्हणून डबा भाड्याचा की विकतचा, अनामत किती, ती परत कधी मिळणार, हे पावतीवर लिहून घ्यावं. बियाण्याची पक्की पावती जपतो तशीच ही जपावी. तक्रार आधी कंपनीकडे करावी. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे.

ग्रामपंचायतींसाठी

भारतनेटचा डबा पंचायतीत बसवलेला असेल तर तो योजनेचा आहे. तो काढून दुसरा लावू नये; बिघाड झाल्यास लेखी कळवावं. पंचायतीने स्वतःच्या पैशाने राऊटर घेतला असेल तर त्याची नोंद जडवस्तू नोंदवहीत करावी आणि पासवर्ड दप्तरी ठेवावा. नाहीतर ऑपरेटर बदलला, की दाखल्यासाठी आलेला माणूस दारात बसून राहतो.