पुन्हा फायटरच्या बरण्या

आमच्या माळ्यावर लोणच्याच्या जुन्या बरण्यांची दोन खोकी नऊ वर्षे पडून होती. ईदच्या आधी साफसफाईला माळा रिकामा केला की अम्मी दरवर्षी विचारायच्या, "हे भंगारात घालू का?" आणि आम्ही दोघे काहीतरी कारण काढून खोकी परत वर ठेवायचो. यंदाच्या पावसाळ्यात ती खाली आली. निमित्त धाकटीचे. ईदीच्या पैशातून नव्वद रुपये देऊन ती प्लास्टिकच्या ग्लासात एक फायटर मासा घेऊन घरी आली.

मासा गडद निळा, शेपटीची कड लाल. ग्लासात दोन कप चहाएवढे पाणी, तेही पिवळट. दुकानदाराने तिला सांगितले होते, याला पाणी फार लागत नाही, हा वरून हवा घेतो. यातली अर्धी गोष्ट खरी आहे. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो आणि ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही तग धरतो. पण त्याच्या अंगातून सुटणारा अमोनिया दोन कप पाण्यात साठतच जातो, आणि त्यावर हा अवयव काही करू शकत नाही. आम्ही त्याच संध्याकाळी त्याला वीस लिटरच्या टाकीत सोडले. रात्री जेवताना मोठा मुलगा म्हणाला, "अब्बा, आता मादी आणणार ना?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. अम्मींनी ताटातून मान वर केली नाही.

हा मासा मूळचा थायलंडचा, तिथल्या सखल भागातल्या भातखाचरांतला आणि पाणथळीतला. तिथे त्याला 'प्ला कट' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. १९१० मध्ये चार्ल्स टेट रेगन यांनी त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे शास्त्रीय नाव दिले. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या झुंजींसाठी आखूड पंखांचे, चपळ मासे निवडून वाढवले गेले. लांब झुलत्या पंखांचे, अर्ध्या चंद्रासारखी शेपटी उघडणारे मासे शोभेसाठी तयार झाले. दोन्हींत नर नराला सहन करत नाही. आमच्या सगळ्या गोष्टीचे मूळ इथेच आहे.

पहिल्यांदा हा नाद लागला तेव्हा आम्ही मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून एक जोडी आणली होती. पहिल्याच खेपेला दोनशेवर पिल्ले जगली. आम्हाला कोण आनंद झाला! अडीच महिन्यांनी त्यातले सत्तरएक नर एकमेकांवर धावून जाऊ लागले, आणि प्रत्येकाला वेगळी बरणी देणे भाग पडले. खिडकीत बरण्या, शिलाई मशीनवर बरण्या, जिन्याच्या पायऱ्यांवर बरण्या. मधे पुठ्ठे लावायचे, नाहीतर एकमेकांना बघून दिवसभर कल्ले फुगवत बसायचे. बरणीत दीड लिटर पाणी, तिसऱ्या दिवशी बदलायचे. आमच्या भागात नळाला एक दिवसाआड पाणी येते. ते साठवायचे, क्लोरीन उडून जाण्यासाठी रात्रभर उघडे ठेवायचे, घाईत असलो तर हायपोचा खडा टाकायचा. अम्मी वजूलाही तांब्याभर पाण्यात भागवणाऱ्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण बरण्यांचे सगळे पाणी त्यांनी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घालायला लावले. ती झाडे मात्र तेव्हा जी वाढली, तशी परत कधी वाढली नाहीत.

नर कमी करायचे म्हणून आम्ही मिळेल त्याला देऊ लागलो. एक तरुण आला, आखूड पंखांचे दहा नर घेऊन गेला, भावही केला नाही. कशाला हवेत, हे आम्ही विचारले नाही. खरे म्हणजे दहा बरण्या रिकाम्या झाल्याचे आम्हाला बरे वाटले होते. महिन्याभराने मोठा, तेव्हा तो आठ वर्षांचा होता, खेळून आला आणि म्हणाला, "आपला हिरवावाला मासा लढाईत हरला."

एका गॅरेजच्या मागे पोरे जमत आणि दहा-वीस रुपये लावून मासे लढवीत. आम्ही गेलो तेव्हा तेलाच्या कापलेल्या डब्यात तीन उरले होते. पंखांच्या नुसत्या काड्या राहिलेल्या, एकाचा कल्ला फाटलेला. तिघांनाही घरी आणले. दोन गेले. एकाचे पंख महिन्या-दीड महिन्यात पुन्हा आले. फायटरचे पंख येतात. प्राण्यांना मौजेसाठी लढवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, मासाही आला. हे आम्ही त्या पोरांना ऐकवले. पण मासे पुरवले होते कोणी? अम्मींनी त्या रात्री मांजराला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस सांगितली: तिने त्याला खायलाही दिले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही. आवाज न चढवता, मुलाला सांगितल्यासारखी सांगितली. उरलेले नर आम्ही ओळखीच्या घरांत एक-एक करून दिले, बरण्या धुतल्या आणि माळ्यावर टाकल्या.

तेव्हा एका शेजाऱ्याने सुचवले होते, विहिरीत सोडून द्या, डास तरी खातील. पालिका डासांसाठी गप्पी मासे सोडते हे त्याने पाहिले होते. पण परदेशी मासा आपल्या पाण्यात सोडणे धोक्याचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असे सुटलेले फायटर तिथल्या पाणथळीत कायमचे वस्तीला राहिले आहेत. एकदा गेलेले परत काढता येत नाहीत.

तर नऊ वर्षांनी मुलगा मादी मागत होता. आम्ही त्याला आणि धाकटीला एक वही दिली. आधी घरे शोधा, मग मादी. नर घेणाऱ्याकडे निदान दहा लिटरचे झाकणाचे भांडे हवे. एका भांड्यात एकच नर. कंटाळा आला तर मासा आमच्याकडे परत आणायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. महिन्याभरात वहीत सतरा नावे झाली. त्यात धाकटीच्या मदरशातल्या दोन मैत्रिणी आहेत, एक रिक्षावाले चाचा आहेत आणि आमचे दातांचे डॉक्टरही आहेत. वही अम्मींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी नावे वाचली, एक खोडायला लावले, आणि म्हणाल्या, "आणा."

पुढचे हात आपोआप करत गेले. नर आणि मादी दोन आठवडे वेगवेगळी ठेवून चांगले खाऊ घातले. पूर्वी आम्ही गच्चीवरच्या पिंपात डासांच्या अळ्या वाढवायचो. एकदा आरोग्य खात्याच्या बाईंनी ते पिंप पाहून आम्हाला सणसणीत सुनावले होते, आणि बरोबरच होते ते. आता अळ्या नाहीत; डॅफ्निया आणि गोठवलेले लाल किडे. टाकीत फक्त चार-पाच इंच पाणी, तळाला वाळू नाही, म्हणजे खाली पडलेले अंडे नराला दिसते. उष्णतामान सत्तावीस अंशांच्या आसपास. पाण्यात देशी बदामाचे एक वाळलेले पान. शाळेच्या आवारात असतो तोच हा बदाम, ज्याची पाने लाल होऊन गळतात. पानाने पाणी चहासारखे होते आणि माशांना मानवते. अर्धा कापलेला थर्माकोलचा पेला पालथा तरंगत ठेवला. मादीला काचेच्या चिमणीत घालून मधोमध उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्याखाली बुडबुड्यांचे घरटे तयार होते आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले होते. हीच तयारीची खूण. आडवे पट्टे दिसले तर ती घाबरलेली आहे, थांबावे.

पहिला प्रयत्न फसला. नराने रात्रीतून सगळी अंडी खाल्ली. पहिलटकर नर असे करतात. धाकटी रडली. पंधरा दिवसांनी पुन्हा जोडी लावली.

या वेळी ती शाळा बुडवून बघत बसली, आणि आम्ही तिला बुडवू दिली. नर मादीभोवती वळसा घालतो, तिला मिठीत घेतो, दोघे क्षणभर मेल्यासारखी तरंगतात, आणि पांढरी अंडी खसखशीसारखी खाली पडू लागतात. नर भानावर येतो, खाली झेपावतो, एकेक अंडे तोंडात धरून वर घरट्यात नेऊन ठेवतो. पुन्हा मिठी. हे तासन्‌तास चालते. आम्ही मात्र तासाभरातच मादीला काढले. जाणकार याला हसतील, कारण त्यांना पिल्ले जास्त हवी असतात. आम्हाला वहीतल्या नावांएवढीच हवी होती. तरी सत्तरएक अंडी झालीच.

नंतरचे तीन-चार दिवस सगळे बापाचे. तो खात नाही, घरट्याखालून हलत नाही. दीड दिवसात अंडी फुटतात, पिल्ले शेपूट खाली करून बुडबुड्यांना लोंबकळतात; एखादे निसटून खाली गेले की बाप तोंडात धरून परत वर आणून ठेवतो. फजरच्या अंधारात टॉर्च लावून पाहिले तरी तो जागाच. पिल्ले आडवी पोहू लागली की मात्र त्यालाही काढायचे, नाहीतर तोच खातो.

पहिले काही दिवस पिल्लांना डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात. त्यासाठी केळीची साल पाण्यात कुजवावी लागते, आणि त्या वासावर अम्मींचे मत सगळ्या आळीला माहीत आहे. मग आर्टेमिया. लिटरभर पाण्यात पंचवीसेक ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर अंडी, हवेचा पंप. चोवीस तासांत नारिंगी ठिपके उड्या मारू लागतात. पिल्ले खातात आणि त्यांची पोटे नारिंगी दिसतात. टाकीवर झाकण घट्ट हवे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हवा घेण्याचा तो अवयव तयार होत असतो आणि पाण्यावरच्या हवेची झुळूक गार लागली तर पिल्ले पटापट जातात. आमची अकरा अशीच गेली. एका रात्री वीज गेली, उकडते म्हणून मोठ्याने खिडकी उघडली, आणि टाकीचे झाकण सरकलेले होते. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आता रोज झोपण्याआधी झाकण तोच तपासतो.

आज नववा आठवडा आहे. एकेचाळीस आहेत. मोठ्या टाकीत शेवाळाच्या गुंत्यात ती फिरतात, आणि माद्या बहिणी-बहिणी म्हणून बहुधा तिथेच राहतील. त्यांतही एखादी खोडकर निघते, तिला वेगळे करावे लागेल. साधारण निम्मे नर धरले तर वहीतली नावे चार-पाचने कमी पडतात. धाकटीने मामूच्या गावी फोन लावून दोन नावे आणखी मिळवली आहेत. अम्मींनी खोडायला लावलेल्या त्या एका नावाचा मालकही दोनदा येऊन गेला, दुप्पट पैसे देतो म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवले.

सकाळी दोन पिल्ले शेवाळाच्या कडेला समोरासमोर थांबलेली दिसली. बोटाच्या पेराएवढी, पण दोघांचेही कल्ले फुगलेले. धाकटीने स्वयंपाकघरातून पहिली बरणी आणली, चिकटपट्टीवर 'एक' लिहिले आणि वही उघडून पहिल्या नावापुढे बरोबरची खूण केली.