फरक म्हणजे उच्चनीचता नव्हे

‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आपल्या मुलांच्या चांगल्या ओळखीचा. मधे उभी रेघ मारायची, गाईडमधले चार मुद्दे उतरवायचे, गुण मिळतात. पण गाईडमध्ये नसलेल्या दोन गोष्टी समोर ठेवल्या की हीच मुले गप्प बसतात. कारण फरक पाठ करायला शिकवले. तुलना करायला कोणी शिकवलेच नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात एका विहारात आम्ही रविवारी मुलांचा वर्ग घेतो. एकदा पाचवी-सहावीच्या मुलांना तेरला नेले. तेर म्हणजे प्राचीन तगर; ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणसोबत त्याचे नाव येते. तिथले त्रिविक्रम मंदिर दाखवले आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाचे चित्र हातात दिले. आधी सारखे काय ते सांगा, म्हणालो. एक मुलगी म्हणाली, “सर, दोन्हींची मागची बाजू गोल आहे.” दुसऱ्याने कमानदार छत दाखवले. मग वेगळे काय? कार्ले डोंगरात कोरलेले, तेरचे विटांनी बांधलेले. तिथे स्तूप, इथे मूर्ती. शेवटी एकाने विचारले, “मग हे मुळात कशासाठी बांधले असेल?” अनेक अभ्यासक त्याला मूळचे बौद्ध चैत्यगृह मानतात, हे मी तेव्हा सांगितले. आधीच सांगितले असते, तर मुलांनी तेही पाठ केले असते.

साम्य, भेद आणि कारण, या तीन पायऱ्या. अट एकच : दोघांना माप एकच लावायचे. ही अट आपण घरीच मोडतो. “शेजारच्याला नव्वद टक्के, तुला का नाही?” शेजारच्याला शिकवणी आहे, स्वतंत्र खोली आहे. आपली मुलगी आईबाप ऊसतोडीला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळते. ही तुलना नव्हे, हा अपमान आहे.

तथागतांनी वासेट्ठ सुत्तात तुलनाच केली. गवत, झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्या जन्मजात खुणा वेगवेगळ्या. माणसामाणसांत मात्र तशी खूण नाही. जिथे भेदच नाही तिथे जातीने भेद उभा केला आणि त्याची उतरंड रचली.

बाबासाहेबांच्या राज्यघटनेतील कलम १४ हीसुद्धा तुलनेचीच शिकवण आहे. समानांना समान वागणूक द्या. वर्गवारी करायची असेल, तर भेद खरा हवा आणि कायद्याच्या उद्दिष्टाशी त्याचा संबंध हवा. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यात मांडलेली ही कसोटी आम्ही वकील आजही न्यायालयात सांगतो. “सगळे सारखेच, मग आरक्षण कशाला?” असे कॉलेजात कोणी विचारले की आपली पोरे चिडतात, नाहीतर मान खाली घालतात. परिस्थिती सारखी होती का, हा उलट प्रश्न त्यांना सुचत नाही. तो वयाच्या दहाव्या वर्षापासून सुचायला हवा.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. १४ एप्रिलसाठी मुलांकडून भाषणे जरूर पाठ करून घ्या, पण एक रविवार त्यांना गावातला नळ आणि आपल्या वस्तीतला नळ दाखवा. पाणी किती वेळ येते, किती घरांना पुरते, दोन्हीकडे सारखेच मोजायला लावा. साम्य लिहू द्या, भेद लिहू द्या. कारण मात्र तुम्ही सांगू नका. ते त्यांनाच शोधू द्या आणि ग्रामसभेत त्यांनाच विचारू द्या.