मनगटातली होडी

हात टेकून पडलेल्या माणसाचं मनगट सुजतं, एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. ‘मुरगळलंय’ म्हणून घरी पाठवलेल्या अशा मनगटात कधीकधी स्कॅफॉइड मोडलेलं असतं. मनगटाच्या 8 छोट्या हाडांपैकी हे एक, होडीच्या आकाराचं. ग्रीक भाषेत ‘स्काफे’ म्हणजे होडीच.

त्याची खोड रक्तपुरवठ्यात आहे. बहुतेक रक्त बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि उलटं कोपराच्या दिशेने जातं. मध्येच तडा गेला की मागचा तुकडा उपाशी राहतो, कधी मरतोही.

म्हणून शंका असेल तर 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा थेट एमआरआय. पण हाड जुळलं का, हे ठरवणं त्याहून अवघड. मांडीचं हाड जुळताना भोवती नव्या हाडाची गाठ दिसते. स्कॅफॉइडभोवती ती जवळपास दिसतच नाही. साध्या एक्स-रेवरून अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. सीटी स्कॅन मात्र हाडाचे बारीक काप दाखवतो. निम्म्याहून अधिक तडा नव्या हाडाने सांधलेला दिसला, की अनेक सर्जन प्लास्टर काढायला राजी होतात.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या पालथ्या बाजूच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी पुन्हा दाखवून घ्या.