वर्षाच्या बाळाला काय द्यावे?

आमच्या नातवाचा पहिला वाढदिवस नेरुळला सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. आम्ही बॅटरीवर चालणारी मोटार भेट म्हणून नेली होती. चांगली दोन हजार रुपयांची. बटण दाबले की ती दिवे लावी, भोंगा वाजवी आणि भिंतीला आपटून आपोआप वळे. दुकानात ती पाहून आम्हीच खूश झालो होतो. बाळाला मात्र भोंग्याची भीती वाटली. ते रडले. मग मोटारीच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसले आणि पाहुणे जाईपर्यंत तिथेच रमले. लोक हसले. आम्हीही हसलो, पण मनातून खट्टू झालो. उभी हयात मुलांत घालवलेल्या हेडमास्तराला आपल्याच नातवाचे मन कळू नये!

आमच्या लेकीकडे धुण्याभांड्याला एक मावशी येतात. त्या संध्याकाळी आमच्या साक्षरता वर्गातही येतात. त्यांनीही भेट आणली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या पाच वाट्या. देताना त्या संकोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, एवढ्याशा पोराला मोटार कशाला? त्याला काय लायसन काढायचंय?"

आठवड्याने त्या मोटारीचे एक चाक निघाले. बाळाने ते तोंडात घातले आणि ते घशात अडकले. खोकला येईना, रडू फुटेना, चेहरा काळानिळा पडू लागला. आम्ही समोर होतो, पण आमचे हातपाय गळाले. मावशी धावल्या. त्यांनी बाळाला मांडीवर पालथे घेतले, डोके छातीपेक्षा खाली धरले आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर तळहाताने जोराने थापट्या मारल्या. चौथ्या थापटीला चाक बाहेर पडले.

बाळ वाचले म्हणून आज हे लिहावयाला बसलो आहोत.

हा उपाय प्रत्येकाने शिकून ठेवावा. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर वरीलप्रमाणे पाच थापट्या द्याव्यात. दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये, त्याने ती आणखी आत जाते. एकाने हे करावे आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. थापट्यांनीही वस्तू निघाली नाही तर पुढे काय करायचे ते दवाखान्यातील डॉक्टर किंवा नर्सबाई बाहुलीवर करून दाखवतात. ते एकदा पाहून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. मूल सध्या काय करू लागले आहे ते आधी पाहावे आणि मग दुकानात जावे. आम्ही आधी दुकानात गेलो.

नऊ-दहा महिन्यांचे मूल अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत वस्तू उचलू लागते. जमिनीवरचा शिताचा दाणासुद्धा त्याला सुटत नाही. उचललेली वस्तू ते तोंडात घालते. ती त्याची पारख असते. मऊ की कडक, गार की गरम, हे त्याला तोंडाने कळते. वर्षाच्या सुमारास आणखी एक नाद लागतो. डब्यात वस्तू टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही. मावशींच्या वाट्या या नादाला अचूक लागू पडल्या. लहान वाटी मोठीत बसते, मोठी लहानीत बसत नाही, हे तो स्वतःच्या हातांनी रोज पडताळून पाहत होता. शिवाय वाटी आपटली की वाजते. मोटारीचे सगळे काम मोटारच करीत होती. बाळाने फक्त बघावयाचे!

त्याच वाढदिवसाला एका पाहुण्यांनी गोल वॉकर आणला होता. मुलाला मध्ये बसवायचे आणि खाली चाके. मूल लवकर चालू लागते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. त्यात मुलाचा भार आसनावर राहतो, स्वतःचा तोल सांभाळायची सवय लागत नाही. आणि चाकांमुळे ते क्षणात जिन्याशी नाहीतर चुलीशी पोचते. या अपघातांमुळे कॅनडा देशाने २००४ साली असे वॉकर विकायलाच बंदी घातली.

आपल्या आजी-आजोबांचा पांगुळगाडा यापेक्षा शहाणा होता. लाकडाचा, तीन चाकांचा, पुढे धरायला आडवी दांडी. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि ढकलीत जाते. दांडी सोडली की मटकन बसते आणि पुन्हा उठते. मात्र मूल आपण होऊन धरून उभे राहू लागल्यावरच पांगुळगाडा द्यावा, तोही सपाट जमिनीवर आणि आपल्या नजरेसमोर. कोणी नवव्या महिन्यात चालते, कोणी पंधराव्या. दीड वर्ष उलटले तरी मूल एकटे चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे, शेजारणीच्या मुलाशी तुलना करून झुरत बसू नये.

चालता येऊ लागले की ओढायची खेळणी आवडतात. दोरी लावलेली लाकडी गाडी द्यावी. दोरी वीतभरच असावी, लांब दोरीचा गळ्याला फास बसतो. दीड वर्षाच्या पुढे मूल ठोकळ्यांवर ठोकळे चढवते. आधी दोन, मग तीन-चार, दोन वर्षांचे होईतो पाच-सहा. ते उंच रचते आणि हाताने पाडते. पाडल्याबद्दल रागवू नये, अर्धी गंमत त्यातच आहे. याच वयात जाड खडू हातात दिला तर ते रेघोट्या ओढते. पाटी द्यावी, नाहीतर भिंती जातात.

दोन वर्षांच्या आसपास नकला सुरू होतात. आई पोळी लाटते तसे लाटायचे, आजोबांचा चष्मा घालायचा, बाहुलीला घास भरवायचा. ही पोरकटपणाची गोष्ट समजू नये. या खेळात मूल शब्द शिकते, "बाळ जेव", "पाणी दे" असे दोन शब्द जोडू लागते. म्हणून लहान पोळपाट-लाटणे, कापडी बाहुली, मोठ्या चित्रांचे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, या भेटी या वयाला शोभतात. बाहुली मुलालाही द्यावी. मुलगे घास भरवत नाहीत असे कोणी सांगितले?

ठाण्याच्या त्या वेळच्या जिल्ह्यात, बोर्डी गावी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरिबांच्या मुलांना महागडी साधने कुठून आणायची? त्यांनी भोवतालच्याच वस्तू घेतल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, माती. त्यावर मुले मोजायला, निवडायला, जुळवायला शिकली. हे वाचून कोणी वर्षाच्या बाळापुढे चिंचोके ओतील म्हणून सांगतो, ती मुले मोठी होती. पाच वर्षांच्या मुलाला चिंचोका म्हणजे शिक्षण, वर्षाच्या बाळाला तोच चिंचोका म्हणजे घशातला दगड.

संक्रांतीचे बोरन्हाणही याच नजरेने पाहावे. बाळाच्या डोक्यावरून बोरे, हरभरे, उसाचे करवे, हलवा ओततात. हौस करावी, आमचा विरोध नाही. पण ओतून झाले की बाळाला लगेच उचलून घ्यावे आणि वेचायचे काम मोठ्या मुलांना द्यावे.

विकत घेताना काय पाहावे? अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांची टोके जुळवून कडे करावे. त्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. खेळण्याचे चाक, डोळा, बटण ओढून पाहावे. हे आम्ही दुकानात केले असते तर! खोक्यावर आय.एस.आय.ची खूण शोधावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना यातून सूट आहे. तेव्हा सावंतवाडीच्या चितारआळीतून कोणी लाकडी खेळणे आणले आणि त्यावर खूण नसली तर घाबरू नये, पण कडा आणि सुटे भाग हाताने तपासावेत.

सर्वांत वाईट ती नाण्यासारखी चपटी बॅटरी. गाणाऱ्या, चमकणाऱ्या स्वस्त खेळण्यांत ती असते. गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. संशय जरी आला तरी वाट पाहू नये, उलटी काढू नये, तडक मोठ्या इस्पितळात न्यावे.

मोबाइल हीसुद्धा भेटच झाली आहे हल्ली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये, दोन वर्षांच्या मुलाला दिवसात फार तर एक तास. आमच्या वर्गातील एक बाई म्हणाल्या, "मग गुरुजी, स्वयंपाक कधी करायचा?" प्रश्न खरा आहे. आम्ही त्यांना सांगितले, ओट्याच्या खालचा एक कप्पा रिकामा करून त्यात झाकणे, गाळणी, लाकडी डाव ठेवा आणि तो कप्पा बाळाच्या मालकीचा करा. त्यांचे बाळ अर्धा तास बसते म्हणतात. आवाज फार होतो, एवढीच तक्रार आहे.

परवा नातू दोन वर्षांचा झाला. या खेपेस आम्ही मोठा रबरी चेंडू नेला, दीडशे रुपयांचा. मावशींनी त्याच्या उंचीची केरसुणी बांधून आणली होती. आमच्या व्याह्यांना ते रुचले नाही. "वाढदिवसाला केरसुणी?" ते म्हणाले.

"लक्ष्मीच आहे ती, साहेब," मावशी म्हणाल्या.

केक कापायच्या आत त्याने अर्धा हॉल झाडून काढला.