राजाच्या डोळ्यांत पाणी

वसंतातला पाचवा दिवस. आपल्याकडे गुढीपाडवा होऊन चार दिवस उलटतात, त्याच सुमाराचा. बॅबिलॉनच्या एसागिला मंदिरात मर्दुक देवाच्या गाभाऱ्यापाशी राजा उभा आहे. त्याला आत पोहोचवणारे मागे फिरले आहेत. गाभाऱ्यातून थोरला पुजारी बाहेर येतो. राजाच्या हातातला राजदंड काढून घेतो, कडं घेतो, गदा घेतो, मुकुट उतरवतो आणि हे सगळं आत नेऊन देवासमोरच्या आसनावर ठेवतो. मग परत येऊन राजाच्या थोबाडीत मारतो. कान धरून त्याला देवापुढे नेतो आणि जमिनीवर गुडघे टेकायला लावतो.

गुडघे टेकलेल्या राजाला तिथे हिशेब द्यावा लागतो. आपण पाप केलं नाही, देवाच्या सेवेत हयगय केली नाही, बॅबिलॉनचा नाश केला नाही, त्याची तटबंदी पाडली नाही, एसागिलाचे विधी विसरलो नाही, असं तो एकेक करून सांगतो. त्यात एक कलम असं आहे की शहराच्या संरक्षित नागरिकांच्या गालावर आपण हात उगारला नाही, त्यांचा अपमान केला नाही. जी थप्पड राजाने प्रजेला मारायची नाही, ती त्याने स्वतः आधीच खाल्लेली असते. ती कशी लागते हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

मग पुजारी त्याला धीर देतो. देव तुझं ऐकेल, तुझं राज्य वाढवेल, असं सांगतो. राजचिन्हं परत मिळतात. पण सुटका अजून नाही. पुजारी पुन्हा एकदा थोबाडीत मारतो आणि आता तो राजाचे डोळे पाहतो. पाणी आलं तर देव प्रसन्न. नाही आलं तर देव कोपला, शत्रू उठेल आणि या राजाचा पाडाव होईल.

हा उत्सव म्हणजे अकितू, बॅबिलॉनचा वर्षारंभ. निसान्नू महिन्याचे पहिले अकरा-बारा दिवस तो चाले. चौथ्या दिवशी संध्याकाळी देवापुढे सृष्टीच्या उत्पत्तीचं काव्य म्हटलं जाई, पाचव्या दिवशी राजाची ही परीक्षा, आणि पुढे राजा मर्दुकाचा हात धरून त्याला मिरवणुकीने नगराबाहेरच्या उत्सवगृहात नेई.

गर्वहरणाच्या गोष्टींवर आपण वाढलो. रावण, हिरण्यकश्यपू, नहुष. या गोष्टींत आधी गर्व होतो, तो शिगेला पोहोचतो आणि मग देव धावून येतो किंवा ऋषीचा शाप लागतो. तोवर प्रजेचे हाल व्हायचे ते होऊन गेलेले असतात. बॅबिलॉनच्या पुजाऱ्यांनी गर्वहरण थेट पंचांगातच घालून ठेवलं. राजा मुळात नम्र आहे की उद्धट, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. नम्रतेची तिथी ठरवली आणि दर वर्षी ती पाळायला लावली. राजसत्तेविषयी इतका खोल विचार जुन्या जगात मला फार थोड्या ठिकाणी दिसला.

हा विधी ज्या मातीच्या पाट्यांवर सापडला, त्या ग्रीक राजवटीच्या काळातल्या आहेत. थप्पड जुनी की मागाहून आलेली, यावर अभ्यासकांत म्हणून वाद आहे. मागाहून आली असेल, तर परकी राजवट आल्यावर पुजाऱ्यांना तिची गरज जास्तच वाटली, असा मी त्याचा अर्थ लावतो. शिवाय राजाच्या तोंडच्या त्या कबुलीत जुनी जखम आहे. इ.स.पू. ६८९ मध्ये अश्शूरच्या सेन्नाखेरिबने बॅबिलॉन खरोखरच उद्ध्वस्त केलं होतं. पुढची वीस वर्षं अकितू झाला नाही. सेन्नाखेरिब इ.स.पू. ६८१ मध्ये पोटच्या मुलाच्या कटात मारला गेला. ‘शहराचा नाश केला नाही’ हे वाक्य बॅबिलॉनकर किती गंभीरपणे ऐकत असतील, याची त्यावरून कल्पना येते.

इथे आपल्या राजसूय यज्ञाची आठवण होते. शतपथ ब्राह्मणात सांगितलं आहे की अध्वर्यू आणि त्याचे सोबती राजाच्या पाठीवर काठ्यांनी मारतात, तेही एक शब्द न बोलता. पण ब्राह्मणग्रंथ याचं कारण असं देतो की या माराने राजा दंडाच्या पलीकडे जातो, म्हणजे पुढे त्याला शिक्षा करता येत नाही. बॅबिलॉनमध्ये मार खाऊन राजा बांधला जातो, इथे मार खाऊन मोकळा होतो. मला बॅबिलॉनची रीत जास्त शहाणपणाची वाटते. आपल्याकडे तिच्या जवळ जाणारी रीत पुरीला आहे. रथयात्रेत गजपती राजा सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन जगन्नाथाचे रथ झाडतो, आणि ही रीत आजही दर वर्षी पाळली जाते.

मेसोपोटेमियातल्या राजांचं देवापुढचं आणखी एक काम होतं: घमेलं उचलणं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अश्शूरच्या अशुरबनिपालचा एक लहानसा शिलापट्ट आहे, फूट-सव्वा फूट उंचीचा. ज्या राजाच्या सिंहाच्या शिकारीची शिल्पं जगप्रसिद्ध आहेत, तोच इथे दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपली सावरत उभा आहे. टोपलीत देवळाच्या बांधकामाची माती. बॅबिलॉनचा राजा नबोपोलस्सर तर एका लेखात स्वतःला कुणाचाच नसलेला, अनामिकाचा पोर म्हणवतो. एतेमेनांकी हा प्रचंड मनोरा उभारताना आपण वस्त्र खोचून डोक्यावरून विटा-माती वाहिली आणि आपल्या थोरल्या मुलालाही मजुरांच्या बरोबरीने माती वाहायला लावली, हे त्याने अभिमानाने कोरून ठेवलं आहे.

तो थोरला मुलगा म्हणजे नबुखद्नेस्सर. इ.स.पू. ६०५ ते ५६२ अशी त्रेचाळीस वर्षं त्याने राज्य केलं. जेरुसलेमचं मंदिर त्यानेच जाळलं आणि यहुद्यांना कैद करून नेलं. त्यामुळे बायबलात तो गर्वाचं मूर्तिमंत रूप होऊन बसला. दानीएलाच्या पुस्तकात तो राजवाड्याच्या गच्चीवर फिरतो आहे. खाली पसरलेलं नगर पाहून हे सगळं मी माझ्या सामर्थ्याने उभं केलं असं म्हणतो, आणि वाक्य संपायच्या आत आकाशवाणी होते. त्याची बुद्धी जाते. तो बैलासारखा गवत खातो, दवात भिजतो, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात, नखं पक्ष्यांच्या नखांसारखी. सात काळ असे गेल्यावर तो वर पाहतो आणि शुद्धीवर येतो.

बॅबिलॉनची माती मात्र वेगळं सांगते. रॉबर्ट कोल्डवाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १८९९ ते १९१७ या काळात तिथे उत्खनन केलं. ढिगांनी विटा निघाल्या आणि त्यांवर ठसा या राजाचा. नावापाठोपाठ त्याची ओळख दिली आहे ती एसागिला आणि एझिदा या दोन देवळांचा पालनकर्ता अशी. मर्दुकाच्या मिरवणुकीचा जो भव्य रस्ता त्याने बांधून काढला, त्याच्या नावाचा अर्थ अभ्यासक ‘उद्दामाची भरभराट न होवो’ असा लावतात. याने नबुखद्नेस्सर निर्दोष ठरत नाही. ज्यांची घरं त्याने जाळली त्यांनी त्याला कसं आठवावं, हे ठरवायचा हक्क त्यांचाच.

पण ती वेडाची कथा बहुधा मुळात त्याची नाहीच. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांच्या एका तुकड्यात तशीच गोष्ट आहे. राजा सात वर्षं घाणेरड्या व्याधीने पीडलेला, ठिकाण अरबस्तानातलं तेमा, आणि राजाचं नाव नबोनिडस. हा बॅबिलॉनचा शेवटचा स्वतंत्र राजा. त्याची भक्ती मर्दुकापेक्षा चंद्रदेव सीनवर. राजधानी मुलाच्या, बेलशस्सरच्या हाती सोपवून तो खरोखरच सुमारे दहा वर्षं तेमाच्या ओॲसिसमध्ये जाऊन राहिला.

त्या वर्षांच्या नोंदी बॅबिलॉनच्या बखरीत आहेत आणि मला त्या हलवून सोडतात. राजा आला नाही, नबू देव आला नाही, मर्दुक बाहेर निघाला नाही, अकितू झाला नाही. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्याही. राजाच्या जागी युवराज चालत नसे. उत्सव थांबला म्हणजे एवढ्या वर्षांत राजाच्या अंगावरची राजचिन्हं एकदाही उतरली नाहीत, त्याला कुणी एकदाही गुडघ्यांवर बसवलं नाही. नबोनिडस देवभोळा होता, देवळं बांधणारा होता, जुन्या देवळांचे पाये खणून पूर्वजांचे लेख शोधणारा होता. देवापुढे तो नम्रही असेल. पण प्रजेच्या देवापुढे, प्रजेच्या पुजाऱ्यासमोर वाकण्याची तिथी त्याने वर्षानुवर्षं चुकवली.

अखेर तो परतला. त्याच्या सतराव्या वर्षी अकितू यथासांग पार पडल्याची नोंद आहे. त्याच वर्षी, इ.स.पू. ५३९ च्या ऑक्टोबरात, ओपिसची लढाई जिंकून आलेलं इराणच्या सायरसचं सैन्य बॅबिलॉनमध्ये शिरलं. नगरात लढाई झाली नाही.

सायरसने त्यानंतर लिहवून घेतलेला मातीचा लेख १८७९ मध्ये बॅबिलॉनमध्ये सापडला. २०१३ च्या डिसेंबरात तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. काचेपलीकडे एवढीशी वस्तू: वीतभर लांबीचा, मध्ये फुगीर, पिंपाच्या आकाराचा मातीचा गोळा. त्यावर गव्हाच्या दाण्यांएवढ्या खुणांच्या ओळी दाटीवाटीने कोरलेल्या. एका कडेचा तुकडा तुटून गेलेला.

साऱ्या जगाचा राजा म्हणवणाऱ्या या माणसाचा हा विजयलेख आहे, आणि त्यात बिरुदावलीही भरपूर आहे. राजकारणही आहे, कारण नबोनिडसची निंदा करणं त्याच्या सोयीचं होतं. तरी विजयाचं श्रेय कुणाला दिलं आहे ते पाहण्यासारखं आहे. मर्दुकाने सगळे देश धुंडाळले, न्यायी राजा शोधला आणि सायरसचा हात धरला, असं लेख सांगतो. शेवटच्या, मोडक्या ओळींत नगराच्या तटाची डागडुजी करताना आपल्याआधीच्या एका राजाचा लेख आपल्याला सापडल्याची नोंद आहे. त्या राजाचं नाव अशुरबनिपाल, टोपली डोक्यावर घेणारा तोच.

असे लेख चौकात लावण्यासाठी केलेले नसत. देवाने वाचावेत आणि पुढे कधी भिंत ढासळलीच तर ती बांधणाऱ्या राजाला सापडावेत, म्हणून ते बांधकामाच्या पोटात पुरून ठेवत. सायरसचा हा लेखही तसाच पुरला होता.