कळसूच्या डोंगरात हिरडा कोणाचा?

नगर जिल्हा म्हटले की चारा छावण्या नाही तर उसाचे कालवे आठवतात. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघरला, पावसाळ्यात पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. प्रवरा रतनगडावर उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांत. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरा अडवली आणि खालचा मुलूख बागायती झाला. वरच्या महादेव कोळी आणि ठाकरांची भात-नागली मात्र पावसाच्याच भरवशावर राहिली.

१९८६ मध्ये हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाला. उघडे कातळसडे, गिधाडांची घरटी असलेले उभे कडे, सात वर्षांनी फुलणारी कारवी आणि ओढ्यांकाठच्या दाट राया, असे टप्प्याटप्प्याचे हे रान आहे. राईत शेकरू, झुडपांत भेकर, बिबट्या सगळीकडेच. आणि या सगळ्यांत गावे. अभयारण्य म्हणजे निर्मनुष्य जंगल, ही समजूत इथे टिकत नाही.

१६४६ मीटर उंचीच्या शिखराचे नावच एका कोळी मुलीचे आहे. कळसू एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही, ही तिची अट. अट मोडली तेव्हा ती डोंगर चढून गेली, ती परतलीच नाही, अशी कथा सांगतात. अट मोडणाऱ्या घरापेक्षा डोंगर बरा, असे तिला वाटले असावे.

कायद्याची गोष्ट इतकी सरळ नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वाळवून विकलेला बाळहिरडा यांवर इथली घरे उभी राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यातून काहीही काढण्यावर बंधने आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने मेलेली झाडे आणि गवतसुद्धा बंद. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने अभयारण्याचाही समावेश करून गौण वनोपजाची मालकी आदिवासींना दिली, ग्रामसभेला राखणीचा अधिकार दिला. त्यामुळे हिरडा वेचणारी बाई चोर की मालक, याचे उत्तर तिच्या गावाचा सामूहिक दावा मंजूर झाला आहे की नाही, यावरून ठरू लागले.

पावसाच्या तोंडावर याच हिरड्या-बेहड्यांवर काजवे लखलखतात. त्यांचा उजेड म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण. गाडीच्या दिव्यांत ती पुसली जाते. तरी त्या दिवसांत प्रवेशशुल्क भरून शहरांतल्या गाड्या रात्री आत शिरतात. त्यांना कोणी दावा मागत नाही.