चित्रकलेचा ऑनलाइन कोर्स घेताय? आधी विचारा, चित्र तपासणार कोण?

'२१ दिवसांत पोर्ट्रेट शिका', 'शेवटच्या ३ जागा', खाली उलटं धावणारं घड्याळ. इन्स्टाग्रामवर एखादं स्केच दोनदा पाहिलं की अशा जाहिरातींची रांग लागते. चाकणहून सेकंड शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने घरी येणाऱ्याला शाळेत सुटलेली चित्रकला आठवते आणि बोट 'पे नाऊ'कडे जातं. जरा थांबा.

आधी वेळ बघा. लाइव्ह वर्ग बहुतेक शनिवार-रविवारी असतात. पिंपरी-चिंचवडमधल्या अनेक कारखान्यांना मात्र सुट्टी गुरुवारी असते, त्यात पाळी बदलत राहते. म्हणजे फी पूर्ण आणि वर्ग अर्धेच. रेकॉर्डिंग किती महिने बघता येईल, हे लेखी विचारा.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. व्हिडिओ तर फुकटही मिळतात. 'ड्रॉअबॉक्स' ही इंग्रजी वेबसाइट रेषा, लंबगोल आणि खोक्यांपासून मोफत शिकवते. त्यात २५० खोकी काढायचं एक चॅलेंज आहे. कंटाळवाणं आहे, पण हात बसतो. मग पैसे कशाचे द्यायचे? चूक दाखवणाऱ्या माणसाचे.

साधा पाण्याचा पेला घ्या. नवशिके त्याचं तोंड लंबगोल काढतात आणि तळ सरळ रेषेत. प्रत्यक्षात पेला टेबलावर, नजरेच्या खाली असेल, तर तळाची कड तोंडापेक्षा जास्त गोल दिसते. व्हिडिओ हा नियम सांगेल, पण तुमच्या कागदावर तो कुठे चुकला हे सांगणार नाही. म्हणून विचारा: आठवड्याला किती चित्रं तपासणार? शिकवणारे स्वतः की सहायक? चित्रावर रेघा मारून दुरुस्ती दाखवणार, की नुसतं 'छान, कीप इट अप'? उत्तर गोलमोल आलं, तर तुम्ही फक्त व्हिडिओ विकत घेताय.

कोर्स मुलांसाठी असेल तर आणखी एक गोष्ट. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असतं, तेही कागदावर, ठरलेल्या वेळेत. पुढच्या इंटरमिजिएटमध्ये 'ए' श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, 'बी'ला ५, 'सी'ला ३. टॅबवर कार्टून काढायला शिकवणारा कोर्स इथे फारसा कामाचा नाही. आधी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांशी किंवा बाईंशी बोला.

आणि ते घड्याळ? खोटी घाई दाखवून विक्री करणं हे केंद्र सरकारच्या २०२३च्या 'डार्क पॅटर्न' नियमावलीत बसत नाही. गंमत म्हणजे कोचिंगच्या फसव्या जाहिरातींसाठी २०२४मध्ये आलेल्या वेगळ्या मार्गदर्शक सूचनांमधून नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील गोष्टी वगळल्या आहेत. ग्राहक संरक्षण कायदा मात्र लागू आहेच. त्यामुळे जाहिरात, रिफंडच्या अटी आणि पावती यांचे स्क्रीनशॉट ठेवा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

टॅब, स्टायलस, महागडे रंग सध्या नकोत. एक २बी पेन्सिल, खोडरबर आणि स्केचबुक घ्या, पंधरा दिवस रोज घरातला एकेक पेला, तांब्या, चप्पल काढा. मग डेमो वर्गात तीच चित्रं दाखवा आणि समोरचा काय बोलतो ते ऐका.